'आयनी द्रव' या संज्ञेविषयी काही आक्षेप

इथिल अमोनियम नायट्रेट हे लवण सुमारे १२ अंश सेल्सियसला वितळते. आपल्या स्वयंपाकघरातील मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, वितळावयास ८०१ अंश लागतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही लवणेच होत. दोन्हींत धन आणि ऋण आयनांखेरीज तिसरे काही नाही. तथापि एकाचा रस करावयाचा तर भट्टी पेटवावी लागते आणि दुसरे पुण्यातील हिवाळ्याच्या दुपारीही बाटलीत द्रवरूपच राहते. या दुसऱ्या जातीच्या लवणांचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि तेवढ्या अवधीत त्यांची नावे निदान चार वेळा बदलली आहेत. आज जगभर रूढ असलेले नाव 'आयॉनिक लिक्विड' हे होय. मराठीत त्याचे शब्दशः रूपांतर 'आयनी द्रव' असे होते. ही संज्ञा आपण जशीच्या तशी घ्यावी काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रसायनशास्त्राच्या अंगणात शिरू नये, असे कोणी म्हणेल. परंतु परिभाषा हे दोन्ही शास्त्रांचे सामाईक अंगण आहे. शिवाय येथे नाव बदलले तेव्हा पदार्थांविषयी बोलण्याची रीतही बदलली आणि त्या रीतीचे काही दुष्परिणाम प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले. ते कसे, हे पाहण्यापूर्वी ही लवणे इतक्या कमी तापमानाला का वितळतात, हे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे.

मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोरीन यांचे लहान, गोल आयन एकमेकांच्या अगदी जवळ, ओळीने व थराने रचलेले असतात. विरुद्ध विद्युत्भारांचे आकर्षण अंतर घटेल तसे वाढते. म्हणून ही रचना मोडावयास पुष्कळ उष्णता लागते. आता सोडियमच्या जागी इमिडाझोलियमसारखा मोठा, वेडावाकडा, एका बाजूस कार्बनची शेपटी असलेला आयन ठेवावा. त्याचा भार एका बिंदूवर एकवटलेला नसतो, वलयावर पसरलेला असतो. शेपटी हलती असते आणि आकार विषम असल्याने आयन एकमेकांत नीट बसत नाहीत. स्फटिक रचला जाण्यातच अडचण येते. रचला गेला तरी तो सैल असतो आणि थोड्या उष्णतेने ढासळतो. कित्येकदा तर द्रव आपल्या वितळबिंदूच्या पुष्कळ खाली नेला तरी गोठत नाही. हे सर्व गुण आयनांच्या आकाराचे व भाराच्या वाटणीचे आहेत. आयन बदलला की गुण बदलतात. हा मुद्दा पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथिल अमोनियम नायट्रेटाचे वर्णन केले. त्यांच्या जर्मन निबंधाच्या शीर्षकात या पदार्थांना 'वितळलेली लवणे' असेच म्हटले आहे. सुमारे १०० अंशांपर्यंत वितळणारी लवणे त्यांनी मुद्दाम निवडली होती. कारण तेथपर्यंत नेहमीची उपकरणे चालतात, लवण विघटित होत नाही आणि मोजमापे पाण्यासारख्या परिचित विद्रावकांतील मोजमापांशी ताडून पाहता येतात. ही एका संशोधकाची व्यावहारिक सोय होती. पुढे मात्र तीच व्याख्या झाली : १०० अंशांखाली वितळते ते आयॉनिक लिक्विड. पाण्याच्या उत्कलनबिंदूचा या लवणांशी कोणताही अंगभूत संबंध नाही. ९८ अंशांना वितळणारे लवण एका वर्गात आणि १०३ अंशांना वितळणारे त्याचेच भावंड दुसऱ्या वर्गात, ही विभागणी मोजपट्टीवरील एका रेघेमुळे झालेली आहे.

'कक्ष तापमान' या विशेषणाची गतही तीच. कोणाच्या कक्षातील तापमान? ३० अंशांना वितळणारे लवण बेलफास्टच्या प्रयोगशाळेत घनरूप राहील आणि नागपूरच्या वैशाखात बाटलीत डुचमळेल. पाश्चात्त्य ग्रंथांतील 'रूम टेंपरेचर' आपल्याकडे भाषांतरित होताना देशांतर करते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

१९५१ साली अमेरिकेतील हर्ले आणि विअर यांनी इथिल पिरिडिनियम ब्रोमाइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड यांचे कक्ष तापमानाला द्रवरूप राहणारे मिश्रण वापरून धातूंवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढविला. पाण्यातील द्रावणातून हे साधत नाही, कारण ॲल्युमिनियमच्या आधी हायड्रोजन बाहेर पडतो. त्यांच्या दोन निबंधांच्या शीर्षकांकडे पाहावे. एकात 'फ्यूज्ड सॉल्ट्स' आहे, तर दुसऱ्यात 'निर्जल द्रावणे' असा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. एकच पदार्थ, एकच वर्ष, तेच दोघे लेखक. एकीकडे लवण मुख्य, दुसरीकडे द्रावण मुख्य. नावाची अस्थिरता तेव्हापासूनच दिसते.

खरे वळण १९८२ मध्ये आले. अमेरिकी वायुदलाच्या अकादमीत औष्णिक विद्युत्घटांसाठी कमी तापमानाला वितळणाऱ्या लवणांचा शोध चालू होता. त्या घटांत वापरात असलेले लिथियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांचे मिश्रण सुमारे ३५५ अंशांना वितळते, आणि एवढी उष्णता शेजारच्या यंत्रणेस त्रासदायक ठरते. विल्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिडाझोलियम आणि क्लोरोॲल्युमिनेट यांची लवणे तयार केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात पूर्वार्धात 'मेल्ट्स' हा शब्द आहे आणि उत्तरार्धात 'आयॉनिक लिक्विड्स'. जुने नाव आणि नवे नाव एकाच वाक्यखंडात शेजारी बसलेले आहेत. ही लवणे दमट हवेत टिकत नसत. पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडे. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोटको यांनी हवेत व पाण्यात टिकणारी लवणे जाहीर केली, आणि त्या शीर्षकातून 'मेल्ट्स' गेला होता. १९९९ मध्ये वेल्टन यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध आढाव्यात या पदार्थांची ओळख संश्लेषणाचे विद्रावक अशी करून दिली आहे. पुढच्याच वर्षी अर्ल आणि सेडन यांनी त्यांना भविष्यातील हरित विद्रावक म्हटले. आठ वर्षांत लवणाचा विद्रावक झाला.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता येथे काय घडले? 'मोल्टन सॉल्ट' या समूहात मुख्य नाम लवण आहे. 'मोल्टन' हे त्याची अवस्था सांगणारे विशेषण. 'आयॉनिक लिक्विड' मध्ये मुख्य नाम द्रव आहे आणि आयनांचा उल्लेख विशेषणात सरकला आहे. मुख्य नाम वस्तूचे कूळ सांगते. लवण म्हटले की वाचकाच्या मनात कोणता धनायन, कोणता ऋणायन, शुद्धता किती, पाणी किती शोषले, धातूची झीज किती होईल, हे प्रश्न उभे राहतात. द्रव म्हटले की तो पदार्थ बेंझीन, ईथर, क्लोरोफॉर्म यांच्या पंगतीत जाऊन बसतो आणि त्यांच्याशी तुलना सुरू होते. त्या तुलनेत तो उजवा दिसतो, कारण ईथर उडून जाते आणि हे लवण उडत नाही. नव्या नावाने सेंद्रिय रसायनाच्या अभ्यासकांना या क्षेत्रात खेचून आणले, हे मान्य केले पाहिजे. 'वितळलेली लवणे' या नावाने ते आले नसते. त्या नावाला भट्टीचा वास येत होता.

परंतु त्याच नावाने वर्गवाचक विधानांची सवय लावली. आयॉनिक लिक्विड्स अबाष्पनशील आहेत, अज्वलनशील आहेत, स्थिर आहेत, हरित आहेत, अशी वाक्ये निबंधांच्या पहिल्या परिच्छेदांत मंत्रासारखी येऊ लागली. २००३ मध्ये स्वाटलोस्की, होलब्रे आणि रॉजर्स यांनी दाखविले की हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट आयन असलेले, सर्वांच्या वापरातील एक लवण पाण्याच्या संगतीत विघटित होते आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल देते. हे आम्ल काच खाते आणि कातडीतून आत शिरते. त्यांच्या शीर्षकातील 'नेहमीच नव्हे' या अर्थाचा शब्द वाचनीय आहे. वर्गवाचक विधानास एवढे एक क्रियाविशेषण पुरते. २००६ मध्ये अर्ल व सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये असे प्रसिद्ध केले की यांतील काही लवणे २०० ते ३०० अंशांना, कमी दाबाखाली, ऊर्ध्वपातित करता येतात. त्या लेखकांत सेडनही होते, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. त्याच वर्षी काही आयॉनिक लिक्विड्स पेट घेतात, हेही दाखविले गेले. जलचरांवरील प्रयोगांतून असे आढळले की धनायनाची कार्बनी शेपटी लांबत जाते तसतशी विषारीपणा वाढतो. बाष्प होत नाही म्हणून हवा दूषित होत नाही, एवढेच मूळ विधान होते; पाण्याविषयी त्यात काहीच म्हटले नव्हते.

मराठी भाषांतरकाराची या ठिकाणी विशेष परीक्षा होते. इंग्रजीतील 'आर' हे एकच क्रियापद वर्गाचा नियम आणि समोरच्या वस्तूंचे वर्णन या दोहोंना चालते. मराठीत त्यासाठी दोन रूपे आहेत. 'कावळा काळा असतो' हा जातीविषयीचा नियम. 'हा कावळा काळा आहे' हे समोरच्या पक्ष्याविषयीचे विधान. 'आयॉनिक लिक्विड्स आर नॉन-व्होलटाइल' या वाक्याचे भाषांतर करावयाचे तर 'असतात' आणि 'आहेत' यांतून निवड करणे भाग पडते. बहुतेक भाषांतरकार 'असतात' लिहील. त्यावाचून वाक्य कानाला बरे वाटत नाही. मूळ लेखकाने जे धूसर ठेवले होते ते मराठीत नियम होऊन बसेल. दहा लाखांवर संभाव्य लवणांचा हा वर्ग आहे असा अंदाज वारंवार उद्धृत होतो. त्या सर्वांविषयी 'असतात' म्हणण्यास कोणाचाच आधार नाही. म्हणून मराठीत या पदार्थांविषयी लिहिताना शक्य तेथे एकेका लवणाचे नाव घेऊन 'आहे' म्हणावे, असे आमचे मत आहे. भाषेने दिलेला हा भेद रसायनाच्या कामी येतो.

उपयोगांचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. ज्या ठिकाणी ही लवणे उद्योगात टिकली, त्या ठिकाणी ती विशिष्ट लवणे म्हणून टिकली. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने २००२ च्या सुमारास स्वीकारलेली पद्धत पाहावी. फॉस्फरसाची काही संयुगे करताना हायड्रोजन क्लोराइड निर्माण होते व ते बाजूला काढावे लागते. पूर्वी त्यासाठी ट्रायइथिल अमाइन घालीत. त्याचे घनरूप लवण तयार होऊन मिश्रण खळीसारखे दाट होई व गाळण्याची कटकट होई. त्याऐवजी मेथिल इमिडाझोल घातले असता जे लवण होते ते सुमारे ७५ अंशांना वितळते. अभिक्रियेच्या उष्णतेत ते द्रवरूप राहून तेलापाण्यासारखे वेगळे थर पडतात आणि खालचा थर सोडून दिला की काम झाले. येथे लवणाने विद्रावक म्हणून काहीच केले नाही. ते केवळ सोयीच्या तापमानाला वितळले. मलेशियातील पेट्रोनास कंपनी नैसर्गिक वायूतील पारा काढण्यासाठी सच्छिद्र घन पदार्थावर बसविलेली क्लोरोक्युप्रेट लवणे वापरते. शेव्हरॉनच्या सॉल्ट लेक सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २०२१ मध्ये अल्किलीकरणाचा उत्प्रेरक म्हणून हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या जागी क्लोरोॲल्युमिनेट लवण आले. हेच ते दमट हवेत न टिकणारे कूळ! १९९२ नंतर ज्याला मागासलेले मानले गेले त्यानेच एका घातक आम्लाला कारखान्याबाहेर काढले.

सेल्युलोजचे उदाहरण किंचित निराळे आहे. २००२ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने ब्युटिल मेथिल इमिडाझोलियम क्लोराइडात सेल्युलोज विरघळविले. १०० अंशांना तापविल्यास १० टक्क्यांपर्यंत विरघळते. साधे पाणी किंवा बहुतेक सेंद्रिय विद्रावक हे करू शकत नाहीत. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात याच मार्गाने, वेगळे लवण घेऊन, लाकडाच्या लगद्यापासून कापडाचा धागा काढला जातो. येथे विद्रावक हे नाव शोभते. परंतु विरघळविण्याचे श्रेय क्लोराइड आयनाचे आहे. तो सेल्युलोजमधील हायड्रोजन बंध सोडवितो. क्लोराइड काढून हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट ठेवला की सेल्युलोज विरघळत नाही. आणि ग्रेनाखर यांचे १९३४ चे एकस्व याच कल्पनेचे होते. तेव्हा त्यास आयॉनिक लिक्विड हे नाव नव्हते व त्यावाचून अडलेही नाही.

आता मराठी पर्यायांकडे वळू. 'आयनी द्रव' या शब्दास पहिला आक्षेप असा की मराठी वाचकास त्यातून आयन असलेला द्रव, म्हणजे खारे पाणी, असा बोध होईल. समुद्राचे पाणीही आयनी द्रवच म्हणावे लागेल. येथे पाणी नाही, अन्य विद्रावक नाही, आयनांखेरीज काहीच नाही, हे मर्म त्या शब्दात येत नाही.

'वितळलेले लवण' हा जुन्या नावाचा पर्याय. मराठीत वितळणे आणि विरघळणे यांत भेद आहे. वितळावयास उष्णता पुरते; विरघळावयास दुसरा पदार्थ लागतो. बोलण्यात बर्फ विरघळतो हे खरे, पण सोनार सोने विरघळवितो असे कोणी म्हणत नाही. तो भेद शास्त्रात राखला पाहिजे, आणि 'वितळलेले' तो राखते. परंतु 'वितळलेले' या कृदन्तात पूर्वी घन असल्याची गृहीत गोष्ट दडलेली आहे. लोणी वितळते तेव्हा ते वितळलेले लोणी. पाऱ्यास मात्र आपण वितळलेला धातू म्हणत नाही. इथिल अमोनियम नायट्रेट तयार होते तेव्हाच ते द्रव असते. जे कधी गोठलेच नाही ते वितळलेले कसे?

मराठीत वितळलेल्या पदार्थास 'रस' म्हणण्याची सुंदर रीत आहे : लोखंडाचा रस, लाव्हारस, शिलारस. त्या धर्तीवर 'लवणरस' सुचतो आणि प्रथमदर्शनी मोहवितो. दुर्दैवाने षड्रसांपैकी खारट चवीस लवणरस म्हणतात, आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने हा लेख उघडला तर त्याची निराशा होईल.

मुख्य नामाचा प्रश्नही निकाली नाही. सॉल्ट या अर्थी आपली शालेय पाठ्यपुस्तके 'क्षार' म्हणतात, तर मराठी विश्वकोश 'लवण' म्हणतो व क्षार हा शब्द अल्कलीसाठी ठेवतो. शाळेतून विद्यापीठात येणारा विद्यार्थी या दोन परिभाषांच्या फटीत सापडतो. पाण्यातील क्षार, क्षारपड जमीन हे प्रयोग 'क्षार'च्या बाजूने आहेत. परंतु बाजारातील नावे पाहावी : पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. क्षार शब्दाचा तद्भव 'खार' ज्यांना लागला आहे ते बहुतांशी अल्कधर्मी पदार्थ आहेत. तुरटी, मोरचूद, नवसागर यांना तो लागलेला नाही, जरी रसायनशास्त्राप्रमाणे तीही तेवढीच लवणे आहेत. लोकांच्या जिभेने केलेले हे वर्गीकरण विश्वकोशाच्या बाजूस झुकते. यास्तव आम्ही 'लवण' स्वीकारतो.

यांतील टाकणखाराचा आणखी एक उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. डाग देताना सोनार जोडावर टाकणखार लावतो. ज्योतीखाली तो फुलतो, पाणी सोडतो, मग वितळून काचेसारखा पसरतो आणि धातूवरील ऑक्साइड आपल्यात विरघळवून घेतो. वितळलेल्या लवणाचा विद्रावक म्हणून उपयोग आपल्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, फक्त सातशेहून अधिक अंशांना. नव्या लवणांनी आणलेली नवलाई तापमानाची आहे. लवणाने विद्रावक व्हावे हे जुनेच.

या सर्व विचारान्ती 'द्रवलवण' हा शब्द आम्ही सुचवितो. त्यात मुख्य नाम लवण राहते, अवस्था सांगितली जाते पण पूर्वीची घनावस्था गृहीत धरली जात नाही, आणि बोलण्यासही तो जड नाही. 'नीचतापी' किंवा 'कक्षतापी' ही विशेषणे त्यास लावू नयेत. त्याऐवजी वितळबिंदू अंकांत द्यावा. इथिल अमोनियम नायट्रेट, द्रवलवण, वितळबिंदू १२ अंश, एवढे लिहिले की बेलफास्ट आणि नागपूर दोन्हीकडचा वाचक आपले आपण ठरवू शकतो. असा आक्षेप येईल की यांतील कित्येक द्रवांत आयन जोडीजोडीने फिरतात, तेव्हा ती पूर्णार्थाने लवणे राहत नाहीत. तो आक्षेप 'आयनी द्रव' या नावासही तितकाच लागू आहे.

एक वर्ग मात्र या शब्दाच्या बाहेर राहील, आणि तो राहावा हेच योग्य. २००३ मध्ये लेस्टर येथील ॲबट व सहकाऱ्यांनी कोलीन क्लोराइड आणि यूरिया यांचे एकास दोन या प्रमाणातील मिश्रण वर्णिले. कोलीन क्लोराइडाचा वितळबिंदू ३०२ अंश, यूरियाचा १३३. मिश्रण १२ अंशांनाच द्रवरूप होते. घटक स्वस्त, एक कोंबड्यांच्या खाद्यातला आणि दुसरा शेतातल्या खताचा, म्हणून त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला. अनेक लेखांत त्यास आयॉनिक लिक्विड्सच्याच यादीत घातलेले आढळते. परंतु यूरिया हा आयन नव्हे. लवणात परका रेणू मिसळल्याने वितळबिंदू खाली येतो, हे आइस्क्रीमच्या पॉटाभोवती बर्फात खडेमीठ टाकणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असलेल्या घटनेचे भावंड आहे. तेथे मीठ आणि बर्फ मिळून उणे २१ अंशांपर्यंत खाली जाऊ शकतात. त्या पॉटातील खाऱ्या पाण्यास आपण लवण म्हणत नाही. कोलीन क्लोराइड आणि यूरिया यांच्या द्रवासही म्हणू नये. तेथे 'मिश्रण' हेच मुख्य नाम ठेवून घटकांची नावे व प्रमाण त्यापुढे द्यावे.